शल्यचिकित्सक प्रयोगशाळेत गेले तेव्हा

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने एका शस्त्रक्रियेची सचित्र हकीकत छापली. टिपू सुलतानाच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुणे परिसरातील एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक करून दिले होते. विटा पाडण्याचा व्यवसाय असलेल्या समाजातील या कारागिराचे नाव त्या हकीकतीत नाही. पण त्याच्या कौशल्याने युरोपातील शल्यचिकित्सक थक्क झाले. या यशात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली होती. कातडी त्याच माणसाची होती. ती दुसऱ्या कोणाची असती, तर थोड्याच दिवसांत काळी पडून गळून गेली असती.

असे का होते, हे कळायला पुढे सुमारे दीडशे वर्षे लागली. केवळ हात अधिक सफाईदार झाल्याने ते कळले नाही. काही शल्यचिकित्सकांनी प्रयोगशाळेची शिस्त अंगी बाणवली, तेव्हा कळले.

हस्तकौशल्याची बाजू विसाव्या शतकाच्या आरंभीच भक्कम झाली होती. फ्रेंच शल्यचिकित्सक अलेक्सी कॅरेल यांनी रक्तवाहिन्या एकमेकींना शिवण्याचे तंत्र इतके पक्के केले, की त्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्राण्याचे मूत्रपिंड काढून त्याच्याच शरीरात दुसरीकडे जोडले तर ते काम करी. दुसऱ्या प्राण्याचे जोडले तर काही काळाने निकामी होई. टाके दोन्हीकडे सारखेच असत. म्हणजे दोष टाक्यांत नव्हता.

१९२४ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक एमिल होल्मन या रहस्याच्या अगदी उंबरठ्यापर्यंत पोहोचले. दुसऱ्याच्या त्वचेचे तुकडे लावताना त्यांना दिसले, की त्याच दात्याची त्वचा पुन्हा लावली की ती पहिल्यापेक्षा लवकर नष्ट होते. शरीर ‘संवेदनशील’ होत असावे, असा तर्क त्यांनी लिहूनही ठेवला. पण त्या तर्काची पुढे कसोटी लागली नाही. निरीक्षण अचूक होते. त्याचा पाठपुरावा करणारी प्रयोगांची मालिका मात्र उभी राहिली नाही, आणि जवळजवळ वीस वर्षे निघून गेली.

ती मालिका दुसऱ्या महायुद्धात सुरू झाली. भाजलेल्या सैनिकांचा प्रश्न बिकट झाला, तेव्हा ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेडावर ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत शल्यचिकित्सक थॉमस गिब्सन यांच्याबरोबर काम करू लागले. भाजलेल्या एका तरुणीच्या जखमांवर त्यांनी तिच्या स्वतःच्या त्वचेचे तुकडे आणि तिच्या भावाच्या त्वचेचे तुकडे लावले. स्वतःची त्वचा रुजली, भावाची गळाली. मग भावाच्याच त्वचेचा दुसरा संच लावला. तो पहिल्यापेक्षा लवकर नष्ट झाला. ठरावीक दिवसांनी तुकडे काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचा निष्कर्ष असा, की शरीर परक्या त्वचेला ओळखते आणि ती ओळख लक्षात ठेवते. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, त्यामागेही अशीच स्मृती असते. होल्मन यांनी जे पाहिले होते, तेच इथे तुलनेसह आणि काळाच्या नोंदीसह सिद्ध झाले.

१९५३ मध्ये मेडावर, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी दाखवून दिले, की जन्मापूर्वीच परक्या पेशी टोचलेला उंदीर मोठेपणी त्या दात्याची त्वचा स्वीकारतो. पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एकाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला बसवले. मरे युद्धकाळात भाजलेल्या सैनिकांवर त्वचारोपण करत होते. कोणाची त्वचा किती दिवस टिकते, हे त्यांनी रोज पाहिले होते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी या भावांमध्ये त्वचेची अदलाबदल करून पाहण्यात आली. त्वचा टिकली, म्हणजे भाऊ खरोखर एकरूप जुळे होते. मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या कातडीवर झालेला तो रोगप्रतिकारशास्त्राचा प्रयोगच होता.

पण जुळा भाऊ किती जणांना असतो? इतरांसाठी प्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध हवे होते. १९५९ मध्ये श्वार्ट्झ आणि डॅमेशेक यांनी ६-मरकॅप्टोप्युरिन या औषधाने सशांमधील प्रतिपिंडांची निर्मिती दबते, असे दाखवले. लंडनमधील तरुण शल्यचिकित्सक रॉय काल्न यांनी ते कुत्र्यांवरील मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरले आणि १९६० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर ते शिष्यवृत्तीवर मरे यांच्या प्रयोगशाळेत गेले. वाटेत औषधरसायनशास्त्रज्ञ जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांना भेटून त्यांनी नवी संयुगे मिळवली. त्यांतले एक म्हणजे अझाथायोप्रिन. १९६२ मध्ये याच औषधाच्या आधाराने मृत दात्याचे मूत्रपिंड एका रुग्णात वर्षाहून अधिक काळ चालले.

काल्न पुढे केंब्रिजमध्ये प्राध्यापक झाले आणि तेथे हीच परंपरा त्यांनी पुढच्या पिढीला दिली. ग्रीसहून आलेले तरुण शल्यचिकित्सक अल्किस कोस्ताकिस उंदरांमध्ये हृदय प्रत्यारोपण शिकत होते. सायक्लोस्पोरिन हे नवे औषध पाण्यात विरघळत नव्हते, म्हणून त्यांनी ते ऑलिव्हच्या तेलात विरघळवले. रोगप्रतिकारशास्त्रज्ञ डेव्हिड व्हाइट यांच्या साथीने केलेल्या या प्रयोगांत हृदये अनपेक्षितपणे दीर्घकाळ टिकली. पुढे माणसांत हेच औषध मूत्रपिंडाला इजा करते, हे काल्न यांच्या रुग्णांमध्येच लक्षात आले, आणि मात्रेचा प्रश्न पुन्हा अभ्यासाला आला. प्रयोगशाळेतून रुग्णाकडे आणि रुग्णाकडून पुन्हा प्रयोगशाळेकडे, अशी ही ये-जा होती. ती शक्य झाली, कारण दोन्ही ठिकाणची भाषा जाणणारी माणसे तयार झाली होती.

भारताच्या इतिहासात हात कधीच मागे नव्हते. जगातील पहिल्या मानवी हृदय प्रत्यारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ती शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासांतच दगावला; प्रतिकारशक्तीची परीक्षा होण्याची वेळही आली नाही. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मूत्रपिंड प्रत्यारोपण यशस्वी झाले. १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी हृदय प्रत्यारोपण यशस्वी केले. २०२३ मध्ये देशात १८,००० हून अधिक अवयव प्रत्यारोपणे झाली. संख्येच्या दृष्टीने भारत अमेरिका आणि चीन यांच्या पाठोपाठ आहे.

इतक्या मोठ्या अनुभवातून प्रश्नही तितकेच मोठे निघायला हवेत. उदाहरणार्थ, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या भारतीय रुग्णांना क्षयरोगाचा धोका पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा बराच अधिक असतो. अवयव टिकावा आणि क्षयाने डोके वर काढू नये, यासाठी औषध किती द्यावे, याचे उत्तर बॉस्टनच्या किंवा केंब्रिजच्या वॉर्डात मिळणार नाही. तिथे हा प्रश्न रोज समोर येत नाही. तो येतो दिल्ली, अहमदाबाद, चेन्नई, मुंबई इथल्या वॉर्डांत.

पण तो विचारायला सवड हवी. एम.एस. पदवीसाठी प्रबंध अनिवार्य असला, तरी तो बहुधा रात्रपाळ्या आणि शस्त्रक्रियागृह यांच्यामधल्या फटीत लिहिला जातो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठीय रुग्णालयांत शल्यचिकित्सेचे विद्यार्थी मधली दोन-तीन वर्षे पूर्णपणे प्रयोगशाळेत घालवतात, आणि त्यासाठी स्वतंत्र सरकारी निधी असतो. भारतातही पाया आहे. दिल्लीत १९८१ पासून राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्था आहे, काही संस्थांत डॉक्टरांना पीएच.डी.ची सोय आहे, चिकित्सक-संशोधकांसाठी पाठ्यवृत्तीही आहेत. मात्र या वाटेने जाणाऱ्या शल्यचिकित्सकाला त्या काळात रुग्णालयाच्या कामातून मोकळीक, परतल्यावर हक्काची जागा आणि शेजारी बसून शिकवणारा रोगप्रतिकारशास्त्रज्ञ, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळायला हव्यात.

होल्मन आणि गिब्सन यांच्यात बुद्धीचा फरक नव्हता. दोघांनी एकच गोष्ट पाहिली. गिब्सन यांच्या शेजारी मेडावर होते आणि तुकडे मोजायला, तपासायला त्यांना वेळ दिला गेला होता. भारतातील एखाद्या वॉर्डात आज कोणी निवासी डॉक्टर होल्मन यांच्यासारखीच एखादी अचूक नोंद लिहीत असेल. तिचा पाठपुरावा व्हावा, यासाठी पुन्हा वीस वर्षे थांबणे रुग्णांना परवडणारे नाही.