नायट्रोजनेज

हवेतील नायट्रोजनाचे क्षपण करून अमोनिया तयार करणारे जिवाणूजन्य विकर. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत सोयाबीन, भुईमूग, हरभरा यांच्या मुळांवर येणाऱ्या गाठींत रायझोबियम गटातील जिवाणू याच विकराच्या बळावर पिकाला नत्र पुरवतात. तृणधान्ये व भाजीपाल्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲझोटोबॅक्टर या जिवाणू खतातही तेच विकर असते.

नायट्रोजन रेणूतील तिहेरी बंध तोडण्यासाठी खत कारखान्यात ४०० अंश सेल्सिअसहून जास्त तापमान आणि शंभराहून अधिक वातावरणांचा दाब लागतो. नायट्रोजनेज तेच काम मातीच्या तापमानाला करते, आणि ते शक्य होते त्याच्या रचनेमुळे. हे विकर दोन प्रथिनांचे बनलेले असते. लहान लोहप्रथिनाचे दोन सारखे भाग चार लोह व चार गंधक अणूंच्या एका गुच्छाने सांधलेले असतात. मोठ्या मॉलिब्डेनम-लोह प्रथिनात आठ लोह अणूंचा ‘पी’ गुच्छ आणि प्रत्यक्ष क्रिया जिथे घडते तो मॉलिब्डेनमयुक्त सहघटक असतो. ॲझोटोबॅक्टरमधील या प्रथिनांची रचना डग्लस रीस यांच्या गटाने १९९२ मध्ये उलगडली. सहघटकाच्या मध्यभागी कार्बनचा अणू असल्याचे २०११ मध्ये निश्चित झाले.

सगळ्यात विलक्षण आहे ती लोहप्रथिनाची हालचाल. एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक संयुगाचे दोन रेणू जोडले गेले की त्याचा आकार बदलतो, ते मोठ्या प्रथिनाला येऊन भिडते आणि एक इलेक्ट्रॉन देऊन सुटते. दोन्ही प्रथिने भिडलेली असताना एका गुच्छापासून पुढचा गुच्छ दीड नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणून इलेक्ट्रॉन पार होऊ शकतो. अशा आठ फेऱ्या आणि एटीपीचे किमान सोळा रेणू खर्ची पडल्यावर नायट्रोजनाच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू मिळतात; सोबत हायड्रोजनही बाहेर पडतो.

इलेक्ट्रॉन देता यावा म्हणून लोहप्रथिनाचा गुच्छ पृष्ठभागाजवळ, जवळजवळ उघडा असतो. त्याच उघडेपणामुळे प्राणवायू त्याचा घात करतो: हवेत हे प्रथिन मिनिटभरात निकामी होऊ लागते. शेंगवर्गीय पिकांच्या गाठीत लेगहिमोग्लोबिन हे गुलाबी प्रथिन मुक्त प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प राखते. गाठ फोडून आत गुलाबी रंग दिसला तर ती काम करते आहे, ही शेतकऱ्याची पारख म्हणून शास्त्रशुद्ध आहे. मोकळ्या मातीत राहणाऱ्या ॲझोटोबॅक्टरला असा आसरा नसतो. प्राणवायू वाढला की त्याच्यातील शेथ्ना प्रथिनाचे ऑक्सिडीकरण होऊन आकार बदलतो, आणि ते विकराच्या दोन्ही प्रथिनांना एकत्र जखडून धरते. काम थांबते, पण विकर वाचते. प्राणवायू ओसरला की पकड सुटते. वाय. आय. शेथ्ना व सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात वेगळ्या केलेल्या या प्रथिनाची ही पकड २०२५ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपशीलवार दिसली.

या नाजूकपणामुळे विकराची भुकटी करून शेतात टाकता येत नाही. जिवंत जिवाणूच द्यावा लागतो. बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी आणि रायझोबियम शेवटी चोळतात, बियाणे सावलीत सुकवतात आणि लगेच पेरतात. पेरणीला युरियाची मात्रा जास्त झाली तर मात्र झाड गाठी कमी धरते आणि हे सारे यंत्र उभेच राहत नाही.