नऊ धांवांचें अंतर

चाळीसगांवाजवळ डोंगराच्या कुशींत वसलेल्या पाटणादेवीच्या परिसराशीं भास्कराचार्यांचें नांव निगडित आहे. आपल्या आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन अखंड चालावें म्हणून चांगदेवानें मठ स्थापिल्याचें सांगणारा इ. स. १२०७ चा शिलालेख पाटण येथें सांपडला. गणितावर एवढी श्रद्धा असलेल्या भूमींत आम्ही राहतों, याचा आम्हांस थोडासा अभिमानहि आहे. गेल्या हिवाळ्यांत विद्यार्थ्यांसह तेथून परततांना एकानें आम्हांस विचारलें, "सर, अंक कधीं खोटें बोलतो काय?" अंक खोटें बोलत नाहीं, परंतु पुष्कळदां अर्धेंच बोलून थांबतो, असें उत्तर आम्हीं दिलें. तें त्यास पटलेलें दिसलें नाहीं. म्हणून वाटेंत आम्हीं त्यास ४४३ या एका अंकाची कथा सांगितली. तीच येथें जरा विस्तारानें मांडीत आहों.

१९४८ च्या डिसेंबरांत पुणें क्लबच्या मैदानावर रणजी करंडकाचा महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा सामना झाला. काठियावाडचा पहिला डाव २३८ धांवांत आटोपला. महाराष्ट्राचा पहिला गडी बाद झाल्यावर भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर खेळावयास आले. मूळचे कोल्हापूरचे हे फलंदाज सामना सुरू होण्यापूर्वी चारच दिवस एकोणतिसावें वर्ष पुरें करून बसले होते. कमळ भांडारकर यांच्यासह त्यांनीं दुसऱ्या जोडीसाठीं ४५५ धांवा जोडल्या. भांडारकरांच्या वांट्यास त्यांतून द्विशतक आलें, आणि दुसऱ्या जोडीचा हा जागतिक उच्चांक १९७४ पर्यंत कोणास मोडतां आला नाहीं. भांडारकर बाद झाले, पण निंबाळकर खेळतच राहिले. आठ तासांहून अधिक काळ टिकून, एकोणपन्नास चौकार मारून ते नाबाद ४४३ पर्यंत पोहोंचले. महाराष्ट्राच्या धांवा तेव्हां चार गड्यांच्या मोबदल्यांत ८२६ झाल्या होत्या.

त्या काळीं प्रथम श्रेणीच्या क्रिकेटांतील सर्वांत मोठी वैयक्तिक धांवसंख्या डॉन ब्रॅडमन यांच्या नांवें होती. १९३० सालीं सिडने येथें क्वीन्सलंडविरुद्ध त्यांनीं नाबाद ४५२ धांवा काढल्या होत्या. निंबाळकर त्या संख्येच्या नऊ धांवा अलीकडे होते. दोन-तीन षटकांचा प्रश्न होता. इतक्यांत मध्यंतर झालें आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनीं सामना सोडून दिला. संघ मैदानावर परत आलाच नाहीं. जगज्जेत्या विक्रमाची नोंद आपल्या संघाच्या माथीं बसूं नये, हा त्यांचा हेतु होता, असें सर्वत्र समजलें जातें.

ठाकोरसाहेबांस सरसकट दोष देणें सोपें आहे. ५८८ धांवांनीं मागें पडलेल्या संघास पुन्हां ऊन खात क्षेत्ररक्षण करावयास लावणें कर्णधारास जड गेलें असेल, हें आम्हांस समजतें. सामना सोडण्याचा हक्कहि नियमानें त्यांना होता. परंतु त्यांच्या निर्णयांतील विपर्यास पाहा. आणखी नऊ धांवा झाल्या असत्या, तर १९५९ सालीं हनीफ महंमदनें कराचीस ४९९ धांवा काढतांच तो विक्रम मागें पडला असता, आणि काठियावाडच्या गोलंदाजांची आठवण आज कोणास राहिली असती? नामुष्कीची नोंद टाळण्यासाठीं त्यांनीं मैदान सोडलें आणि तें सोडणेंच इतिहासाच्या नोंदींत कायमचें राहिलें. पराभव झांकण्याची घाई हीच पराभवाची स्मारकशिला होते, हें सत्य राजकारणाप्रमाणें खेळालाहि लागू आहे.

येथपर्यंतची कथा पुष्कळांस ठाऊक आहे. आम्हांस अधिक विचार करावासा वाटतो तो तिच्या उत्तरार्धाचा. निंबाळकर हे एका डावाचे धनी नव्हते. सुमारें पाव शतकाच्या कारकीर्दींत बडोदें, महाराष्ट्र, होळकर, रेल्वे अशा निरनिराळ्या संघांकडून खेळून त्यांनीं प्रथम श्रेणीच्या ८० सामन्यांत ४,८४१ धांवा केल्या. त्यांत बारा शतकें होतीं आणि सरासरी ४७.९३ होती. गोलंदाजी करून त्यांनीं ५८ बळीहि घेतले. असें असून ते भारताच्या वतीनें एकहि अधिकृत कसोटी सामना खेळले नाहींत. १९४९-५० च्या हंगामांत राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी तेवढी त्यांच्या वांट्यास आली.

योगायोग असा, कीं पुण्याचा तो डाव चालला असतां वेस्ट इंडीजचा संघ भारतांतच होता. मुंबईची कसोटी नुकतीच संपली होती आणि महिनाअखेर कलकत्त्याची सुरू व्हावयाची होती. मधल्या दिवसांत एका भारतीयानें ४४३ धांवा केल्या आणि निवड समितीचें मन मात्र हललें नाहीं. याचें कारण काय असावें?

भावनेच्या भरांत आम्ही निवड समितीस अन्याय करूं इच्छीत नाहीं. तो काळ धांवांच्या महापुराचा होता. १९४७ सालीं बडोद्याकडून विजय हजारे व गुल महंमद यांनीं होळकर संघाविरुद्ध चौथ्या जोडीसाठीं ५७७ धांवा जोडल्या होत्या. १९४९ च्या मार्चांत पुण्यासच मुंबई व महाराष्ट्र यांच्या एका सामन्यांत दोन्ही संघांच्या मिळून २,३७६ धांवा झाल्या. खेळपट्ट्या फलंदाजाच्या मैत्रिणी होत्या, गोलंदाजांच्या नव्हत्या. अशा काळांत धांवांचें नाणें थोडें स्वस्त होतें, आणि काठियावाडचा मारा कांहीं वेस्ट इंडीजचा नव्हे, असें कोणी म्हटलें तर त्यांत तथ्य आहे. शिवाय जागा थोड्या होत्या. हजारे होते, रुसी मोदींनीं तर त्याच मालिकेंत ५६० धांवा केल्या. अकरांच्या संघांत बारावा बसत नाहीं, हें गणित भास्कराचार्यांसहि बदलतां आलें नसतें.

समुद्रापलीकडच्या एका उदाहरणानें हा मुद्दा स्पष्ट होईल. कॅनडांत बर्फावरील हॉकी हा लोकांच्या जिव्हाळ्याचा खेळ आहे. तेथील विली मार्शल हा खेळाडू सुमारें वीस हंगाम दुय्यम दर्जाच्या अमेरिकन हॉकी लीगमध्यें खेळला आणि गोल व गोलास साह्य मिळून १,३७५ गुणांचा त्या लीगमधील विक्रम त्यानें केला. परंतु श्रेष्ठ लीगमध्यें त्यास अवघे ३३ सामने मिळाले, आणि त्यांत त्याचा गोल एकच! मार्शलच्या उमेदीच्या काळीं श्रेष्ठ लीगमध्यें संघ सहाच होते, म्हणून उत्तम खेळाडूसहि वर्षानुवर्षें उंबरठ्यावर उभें राहावें लागे. मनुष्याची योग्यता आणि त्यास मिळणारी जागा या दोन वस्तु वेगळ्या आहेत. दुसरीचें माप घेऊन पहिलीचा निर्णय देणें ही आपली नेहमींची चूक होय.

तथापि मार्शल व निंबाळकर यांत एक भेद आहे, आणि आमची खंत त्या भेदांतच आहे. मार्शलला परीक्षेस बसूं दिलें होतें. तेहतीस सामन्यांत त्यास यश आलें नाहीं, हें जगानें पाहिलें आणि त्यानेंहि पाहिलें. निंबाळकरांच्या धांवा स्वस्त होत्या कीं खऱ्या सोन्याच्या, हें ठरविण्याचा मार्ग एकच होता, आणि तोच त्यांच्यासाठीं कधीं उघडला नाहीं. अपयश मनुष्य पचवूं शकतो. न घेतलेल्या परीक्षेचा निकाल पचविणें कठिण असतें. आम्ही तीस वर्षें उत्तरपत्रिका तपाशीत आलों आहों. नापास झालेला विद्यार्थी पुढच्या वर्षीं हंसत भेटतो. ज्याचा अर्जच कोठें तरी गहाळ झाला, तो मात्र वर्षांनंतरहि त्याच एका दिवसाबद्दल बोलत असतो.

निंबाळकर या पंक्तींत एकटे नाहींत. संस्कृताचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनीं वयाच्या ४८ व्या वर्षीं मुंबईविरुद्ध २४६ धांवा काढल्या; कसोटी त्यांच्याहि नशिबीं नव्हती. पुढें पद्माकर शिवलकर यांनीं प्रथम श्रेणींत ५८९ बळी घेतले आणि अमोल मुजुमदार यांनीं अकरा हजारांहून अधिक धांवा केल्या. दोघेहि दारापर्यंत जाऊन परतले. महाराष्ट्राच्या क्रिकेटाचा पाया अशा लोकांनीं रचला आहे. कळसाचें वर्णन करतांना पायाच्या दगडांचीं नांवें विसरणें हा इतिहासकाराचा प्रमाद आहे.

२००२ सालच्या सी. के. नायडू पुरस्कारानें निंबाळकरांचा उशिरां कां होईना गौरव झाला. २०१२ च्या ११ डिसेंबरास, त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर आला असतां, ते निवर्तले. तिकडे ब्रायन लारानें १९९४ सालीं नाबाद ५०१ करून सर्वांसच मागें टाकलें होतें. तरीहि कोणाहि भारतीयाची प्रथम श्रेणींतील सर्वोच्च धांवसंख्या आजहि ४४३ हीच आहे, आणि कसोटी न खेळलेल्या कोणत्याहि देशाच्या फलंदाजाचीहि.

हें सर्व ऐकून आमचा विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. गाडी चाळीसगांवांत शिरतांना तो म्हणाला, "म्हणजे सर, ४४३ च्या पुढें लिहिलेला 'नाबाद' हा शब्दच त्या अंकाचा राहिलेला अर्धा भाग." आम्हांस हें सुचलें नव्हतें. निंबाळकरांस कोणी बाद केलें नाहीं. खेळ मात्र थांबविला गेला, पुण्यास एकदां आणि निवड समितीच्या बैठकींत वारंवार. अंक पुरा वाचावयाचा असेल, तर त्याच्या शेजारचा शब्दहि वाचावा लागतो, एवढें त्या मुलानें गुरूस शिकविलें.