करडईच्या तेलापासून कॅप्सूलच्या बाटलीपर्यंत



आमच्या गटाच्या मासिक बैठकीत एका मावशींनी अंतर्गत कर्जासाठी नाव दिलं. रक्कम तीन हजार. कारण विचारलं तर म्हणाल्या, "हृदयाच्या कॅप्सूल घ्यायच्यात, ओमेगाच्या. एक बाई घरी आणून देते. एक बाटली घेतली, आता पुढचा कोर्स."

"आणि बीपीची गोळी?" मी विचारलं.

"ती बंद केली. हे नैसर्गिक आहे म्हणे. मग दोन-दोन कशाला?"

बोलता बोलता त्या असंही म्हणाल्या, "आधी आपण करडईचं तेल खायचो, तेव्हा कुठं होतं हे हृदयाचं दुखणं?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. मग वाचायला बसले. जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

करडई आपल्या मराठवाड्याचं रब्बीचं जुनं पीक. काटेरी असल्यामुळे ज्वारीच्या कडेनं लावली की जनावर आत शिरत नसे. कोवळी असताना भाजी, पुढे घाण्यावरचं तेल. नंतर कापूस आणि सोयाबीन वाढलं, काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेना, आणि करडई मागे पडली.

गंमत अशी की आपल्या रानातून ती कमी होत गेली आणि शहरात तिचं तेल "हृदयासाठी चांगलं" म्हणून नावाजलं गेलं. करडईचं तेल घेतल्यानं रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं, हे डॉक्टरांना दिसलं होतं. कोलेस्टेरॉल उतरलं म्हणजे माणूस वाचणार, असा सरळ हिशेब होता.

तो हिशेब ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात तपासला गेला. १९६६ ते १९७३ या काळात, हृदयविकाराचा त्रास नुकताच होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांचे दोन भाग केले. एका भागाला लोणी-चरबीऐवजी करडईचं तेल आणि त्यापासून केलेलं मार्गारिन दिलं. दुसऱ्यांचं जेवण नेहमीचंच ठेवलं. करडईवाल्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू त्यांच्यातच जास्त झाले. २०१३ साली जुने आकडे पुन्हा तपासून छापले गेले : नेहमीच्या जेवणातले शंभरात सुमारे १२ गेले, करडईवाले सुमारे १८.

याचा अर्थ करडई विषारी आहे असा नाही. ती आजारी माणसं होती, तेल भरपूर होतं, मार्गारिनही होतं. शिवाय तूप-वनस्पती कमी करून तेल वापरलं तर फायदा होतो, असं दुसऱ्या अभ्यासांत दिसलं आहे. पण एकच तेल हृदयाचं रक्षण करील ही खात्री मात्र टिकली नाही.

ओमेगा-३ ची गोष्टही अशीच. १९७०च्या दशकात बांग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश डॉक्टर बर्फाळ ग्रीनलंडमध्ये गेले. तिथले इनुइट लोक मासे आणि सील खातात, त्यांना हृदयविकार कमी होतो, असं त्यांनी मांडलं. तिथून माशाच्या तेलाला नाव मिळालं. २०१४ साली काही संशोधकांनी जुने कागद काढून पाहिले, तर त्या डॉक्टरांनी तिथल्या हृदयविकाराची मोजणी स्वतः केलीच नव्हती.

तोवर कॅप्सूल घरोघरी पोचली होती. ब्रिटनमध्ये मधुमेह असलेल्या १५,४८० लोकांना काही वर्षं रोज एक कॅप्सूल दिली. निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये माशाचं तेल, निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये ऑलिव्हचं साधं तेल. २०१८ साली निकाल आला. दोन्हीकडे शंभरात साधारण ९ जणांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा गंभीर त्रास झाला. फरक नाही म्हणावा इतका कमी. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचंही तेच. २००० साली नऊ हजारांवर लोकांच्या चाचणीत हृदयाला फायदा दिसला नाही.

म्हणजे दरवेळी आशा आधी विकली गेली, तपासणी मागाहून झाली. आणि तपासणीची बातमी आपल्या दारापर्यंत येत नाही, विकणारी बाई येते. तिचाही राग नको, तिचंही पोट त्यावर चालतं.

मग आपण काय करायचं? एक, बाटली उलटी करून वाचा. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे अशा पूरक आहारावर "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची ओळ छापावीच लागते. बहुधा इंग्रजीत असते. दहावीतल्या लेकीकडून वाचून घ्या. दोन, जवसाची चटणी जरूर खा. जवसातही ओमेगा-३ असतं. पण ते जेवण आहे, गोळीच्या बदली नाही. तीन, मिश्री सोडा. तंबाखूचा हृदयाला होणारा त्रास कोणतीही कॅप्सूल भरून काढत नाही. आणि कॅप्सूल घेतच असाल तर डॉक्टरांना सांगा, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर.

बीपीची गोळी मात्र मनानं बंद करू नका. त्या गोळ्यांची तपासणी झालेली आहे, लकवा आणि हृदयविकार त्यांनी कमी होतात.

मावशींना घेऊन आम्ही दोघीजणी उपकेंद्रात गेलो. बीपी १७० च्या वर निघाला. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. कर्ज कशासाठी घ्यायचं हे जिचं तिनं ठरवावं, असा आमच्या गटाचा नियम आहे, म्हणून आम्ही नाही म्हटलं नव्हतं. पुढच्या बैठकीत मावशींनी स्वतःच नाव मागं घेतलं.

अर्धी बाटली अजून त्यांच्या फळीवर आहे. पैसे मोजलेत, टाकवत नाही म्हणतात. शेजारी आता बीपीची गोळीही असते. ती आधी घेतात.