कोथिंबीर पाण्यात टवटवीत होते, मग सलाईनमध्ये मीठ का असतं? समजून घ्या वनस्पती आणि प्राणी पेशींमधला फरक

मलूल झालेल्या कोथिंबिरीचे देठ थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवले की पानं पुन्हा ताठ होतात, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतं. पण हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या शिरेतून नुसतं पाणी कधीच देत नाहीत. तसं केलं तर रक्तातल्या लाल पेशी फुगून फुटू शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं.

जे पाणी भाजीला ताजं करतं, तेच थेट रक्तात गेलं तर घातक ठरतं. असं का होतं? याचं उत्तर वनस्पती आणि प्राणी यांच्या पेशींच्या रचनेत आहे.

पेशी म्हणजे काय?

पेशी म्हणजे सजीवांचा सर्वांत लहान जिवंत घटक. बॅक्टेरियाचं अख्खं शरीर एकाच पेशीचं असतं, तर माणसाच्या शरीरात लाखो कोटी पेशी असतात. आपल्या रक्तातली लाल पेशी इतकी लहान असते की 1 मिलिमीटर लांबीच्या रेषेवर अशा सुमारे 130 पेशी शेजारी शेजारी बसतील.

1665 मध्ये रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. या कप्प्यांना त्याने 'सेल' हे नाव दिलं. खरं तर त्या मेलेल्या पेशी होत्या. त्यांच्या आतलं सगळं नाहीसं झालं होतं, उरल्या होत्या फक्त भिंती. पुढे 1838 मध्ये श्लायडेन यांनी वनस्पती आणि 1839 मध्ये श्वान यांनी प्राणी पेशींपासून बनलेले असतात, असं मांडलं.

दोन्ही पेशींमध्ये काय सारखं असतं?

आंब्याच्या पानातली पेशी आणि आपल्या यकृतातली पेशी, दोन्हींमध्ये हे भाग सापडतात:

- प्रद्रव्यपटल: पेशीभोवतीचं पातळ, लवचिक आवरण. आत काय येणार आणि बाहेर काय जाणार, हे ते ठरवतं.
- केंद्रक: यात डीएनए असतो. कोणती प्रथिनं बनवायची, याच्या सूचना इथून मिळतात.
- पेशीद्रव: बाकीचे भाग ज्यात असतात तो घट्टसर द्रव.
- रायबोसोम: सूचनेप्रमाणे प्रथिनं तयार करणारे बारीक कण.
- आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल: तयार प्रथिनांवर प्रक्रिया करून ती योग्य ठिकाणी पाठवणारी यंत्रणा.
- तंतुकणिका: अन्नातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा स्वरूपात मोकळी करणारा भाग.

अपवादही आहेत. आपल्या पक्व लाल पेशीत केंद्रक नसतं आणि तंतुकणिकाही नसतात. त्यामुळे आत ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला भरपूर जागा मिळते. अशी पेशी साधारण 120 दिवस जगते.

वनस्पती पेशीत वेगळं काय असतं?

पहिला फरक म्हणजे पेशीभित्तिका. प्रद्रव्यपटलाच्या बाहेर असलेली ही भिंत मुख्यतः सेल्युलोजची असते. झाडाला हाडं नसतात, तरी ते उभं राहतं ते या भिंतींच्या जोरावर. आपल्या पेशींना अशी भिंत नसते.

दुसरा फरक रिक्तिकेचा. वाढ पूर्ण झालेल्या वनस्पती पेशीत मधोमध एक मोठी पिशवी असते आणि ती पेशीची बरीचशी जागा व्यापते. त्यात पाणी, क्षार, साखर साठवलेली असते. प्राण्यांच्या पेशीत रिक्तिका असल्या तरी त्या लहान असतात.

तिसरा फरक लवकांचा. पानांतली हरितलवकं सूर्यप्रकाशाच्या मदतीने अन्न तयार करतात. टोमॅटो पिकताना हिरव्याचा लाल होतो, कारण त्यातल्या हरितलवकांचं वर्णलवकांत रूपांतर होतं. बटाटा उजेडात राहिला की हिरवा पडतो, तेव्हा याच्या उलट होतं. त्यातल्या रंगहीन लवकांची हरितलवकं होतात. हा हिरवा रंग स्वतः अपायकारक नसतो, पण अशा बटाट्यात सोलानिन हे विषारी द्रव्यही वाढलेलं असू शकतं. म्हणून हिरवा भाग जाड काढून टाकावा आणि बटाटा फार हिरवा किंवा कडू असेल तर तो फेकून द्यावा.

पाणी पेशीत शिरतं कसं?

प्रद्रव्यपटलातून पाणी सहज ये-जा करतं, मीठ मात्र तसं जाऊ शकत नाही. जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. याला परासरण म्हणतात. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर थोड्या वेळात पाणी सुटतं, ते यामुळेच. बाहेर मीठ जास्त झालं की फोडींच्या पेशींतलं पाणी बाहेर येतं.

कोथिंबिरीच्या बाबतीत उलट घडतं. देठातून आलेलं पाणी पेशींत शिरतं, रिक्तिका भरतात आणि पेशी फुगून भिंतीवर आतून दाब देते. भिंत मजबूत असल्याने पेशी फुटत नाही, ती ताठ होते.

लाल पेशीला भिंतच नाही. तिच्याभोवती नुसतं पाणी असेल तर पाणी आत शिरत राहतं, पेशी फुगते आणि शेवटी फुटते. याउलट बाहेर फार खारट द्रव असेल तर ती आकसते. म्हणून नॉर्मल सलाईनमध्ये 0.9 टक्के मीठ असतं, म्हणजे 500 मिलिलीटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. या प्रमाणात लाल पेशी फुगतही नाही आणि आकसतही नाही.

मग आपण पितो त्या पाण्याचं काय? ते थेट रक्तात जात नाही. आतड्यातून ते हळूहळू शोषलं जातं आणि जास्तीचं पाणी मूत्रपिंडं बाहेर टाकतात.

भिंत नसण्याचा फायदा काय?

वनस्पती एका जागी उभ्या असतात, त्यांना आधार हवा असतो. प्राण्यांना हालचाल करावी लागते. भिंत नसल्यामुळे आपल्या पेशी आकार बदलू शकतात. स्नायूंच्या पेशी आखडतात आणि सैल होतात. पांढऱ्या पेशी जंतूंना वेढून गिळतात. लाल पेशी स्वतःहून अरुंद असलेल्या रक्तकेशिकांमधून वाकून, दबून पुढे सरकतात.

ही लवचिकता गेली की काय होतं, ते सिकलसेल आजारात दिसतं. हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या एका बदलामुळे यात लाल पेशी कडक होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. त्या रक्तकेशिकांत अडकतात, तीव्र वेदना होतात आणि पेशी लवकर नष्ट झाल्याने रक्त कमी होतं. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबारसह आदिवासी भागांत आणि विदर्भातल्या काही समाजांत हा आजार आढळतो. तो अनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहकांना सहसा त्रास जाणवत नाही, त्यामुळे या भागांत लग्नाआधी रक्त तपासून घेणं महत्त्वाचं ठरतं.

वनस्पतींना तंतुकणिका नसतात का?

हा अनेकांचा गैरसमज असतो. हरितलवकं अन्न बनवतात, म्हणून वनस्पतींना तंतुकणिकांची गरज नाही, असं वाटू शकतं. पण तयार झालेल्या साखरेतून ऊर्जा मिळवायचं काम तंतुकणिकाच करतात. अंधारात, मातीखाली वाढणाऱ्या मुळांमध्ये हरितलवकं सहसा नसतात, तंतुकणिका मात्र असतात. वनस्पतीही दिवसरात्र श्वसन करतात.

अँटिबायोटिक आपल्या पेशींना का मारत नाही?

इथेही प्रश्न भिंतीचाच आहे. बॅक्टेरियांना भिंत असते, पण ती सेल्युलोजची नसून वेगळ्या पदार्थाची असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1928 मध्ये शोधलेलं पेनिसिलिन ही भिंत बांधायचं काम बंद पाडतं. भिंत कमकुवत झाली की पाणी आत शिरून बॅक्टेरिया फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नसल्याने त्यांच्यावर असा परिणाम होत नाही. अमॉक्सिसिलिनही असंच काम करतं. इतर काही अँटिबायोटिक्स बॅक्टेरियाच्या रायबोसोमवर हल्ला करतात, कारण ते आपल्या रायबोसोमपेक्षा वेगळे असतात.

व्हायरस मात्र पेशीच नाही. त्याला बॅक्टेरियासारखी भिंत नाही आणि रायबोसोमही नाहीत. साधी सर्दी आणि फ्लू व्हायरसमुळे होतात, म्हणून त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. उलट विनाकारण घेतलेल्या गोळ्यांमुळे औषधाला न जुमानणारे बॅक्टेरिया टिकून राहतात आणि पुढे खरी गरज असताना तेच औषध निकामी ठरू शकतं. त्यामुळे सर्दी झाल्यावर मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेडिकलमधून नवीनही आणू नका.