पाचू पाहून साप आंधळा होतो का?

कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्याच सामग्रीवर खेळला जाणारा एक खेळ आहे. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे एका काल्पनिक जगातली पात्रे होतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. सूत्रधार प्रसंग सांगतो, 'गुहेच्या तोंडाशी पाणी साचलंय आणि आत काहीतरी चमकतंय.' आता आपले पात्र काय करील ते आपण सांगायचे. ते जमले की फसले, हे फासे ठरवतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने असा खेळ बाजारात आणला. त्यातून खेळांची एक नवी जातच तयार झाली.

असले जग रचायचे म्हणजे त्यात जादूचे खडे हवेतच. पण कोणत्या खड्यात कोणती शक्ती, हे ठरवायचे कसे? १९७९ साली गायगॅक्सने सूत्रधारांसाठी एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्यात रत्नांच्या जादुई गुणांची एक यादीच दिलेली आहे. अ‍ॅमेथिस्ट, म्हणजे जांभळी गारगोटी, जवळ बाळगली तर दारू चढत नाही, वगैरे. वाचताना वाटते, काय एकेक कल्पना आहेत या माणसाच्या! पण यादीच्या शीर्षकातच त्याने सुचवले आहे की हे गुण 'लोक सांगतात ते' आहेत. लोक म्हणजे कोण, याचा माग काढत गेलो तर आपण थेट दोन हजार वर्षे मागे जाऊन पोचतो.

रोममधल्या थोरल्या प्लिनीने इ. स. ७७ च्या सुमारास निसर्गाविषयी ३७ खंडांचा एक प्रचंड ग्रंथ लिहिला. शेवटचा खंड रत्नांवर आहे. अ‍ॅमेथिस्ट आणि दारू यांची गोष्ट त्यात सापडते. तिचा उगमही सापडतो, आणि तो मजेदार आहे. ग्रीक भाषेत 'मेथू' म्हणजे मद्य. हा शब्द आणि आपला 'मधु' एकाच मुळातून आलेले. शब्दाच्या आधी 'अ' लावून नकार करायची रीतही दोन्हीकडे सारखीच. म्हणजे अ‍ॅमेथिस्ट म्हणजे 'न झिंगलेला'. खड्याचे नाव तसे, म्हणून त्याचा गुणही तसा! प्लिनीला हे पटलेले नव्हते. मांत्रिक लोक असले खोटे सांगतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. हेलिओट्रोप नावाचा एक हिरवा, तांबड्या ठिपक्यांचा खडा असतो. त्याच नावाच्या वनस्पतीबरोबर तो जवळ ठेवला, काही मंत्र म्हटले, की माणूस अदृश्य होतो, असेही हे मांत्रिक सांगत. हा निर्लज्जपणाचा कळस आहे, असे प्लिनीचे मत.

हजार वर्षांनंतर काय झाले पाहा. फ्रान्समधल्या रेन शहराचा बिशप मार्बोड याने अकराव्या शतकात साठ रत्नांचे गुण सांगणारे लॅटिन काव्य रचले. त्यात प्लिनीच्या काळचे गुण आहेत, पण प्लिनीची शंका मात्र गळून गेलेली आहे. अदृश्य करणारा हेलिओट्रोपही तिथे गंभीरपणे हजर आहे. शिवाय, ही सगळी विद्या एवाक्स नावाच्या अरबांच्या राजाने रोमच्या नीरो बादशहाला कळवली होती, अशी सुरुवातीलाच प्रस्तावना. अशा राजाचा इतिहासात पत्ता नाही. पण पुस्तकाला वजन आले. शंभरावर हस्तलिखिते आजही शिल्लक आहेत, यावरून ते किती खपले असेल याचा अंदाज करावा. खेळाचा सूत्रधारही दूरच्या देशाचा एखादा राजा असाच कल्पनेतून उभा करतो. फरक इतकाच, की टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ते ठाऊक असते.

यादी पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जात राहिली. हे खडे खरोखर काय करतात, असे विचारायचे सोडून 'ग्रंथात काय म्हटले आहे' एवढेच विचारले गेले. गुण ठरवण्याची रीतही ठरून गेली. खडा लाल, म्हणजे रक्त थांबवणार. खडा पारदर्शक, म्हणजे दृष्टी सुधारणार. ही रीत केवळ युरोपची असे समजायचे कारण नाही. सूर्यकांत मणी उन्हात धरला की अग्नी निघतो आणि चंद्रकांत मणी चांदण्यात पाझरतो, हे आपल्या संस्कृत कवींचे लाडके संकेत. आता गंमत अशी, की यातला पहिला निव्वळ कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. स्फटिकाचा घोटीव गोळा उन्हात धरला तर तो भिंगासारखे काम करतो. रोमन वैद्य अशा गोळ्याने किरण एकत्र करून जखमा डागत, असे प्लिनीच सांगतो. खरे आणि खोटे एकाच यादीत शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि नुसते वाचून ते वेगळे काढता येत नाहीत. खरी अडचण ही आहे.

युरोपात या यादीची टिंगल करणारेही निघाले. इटलीतल्या बोकाचिओने चौदाव्या शतकात लिहिलेल्या 'डेकामेरॉन'मध्ये कालांद्रिनो नावाचा एक भोळा चित्रकार आहे. फ्लॉरेन्सजवळच्या ओढ्यात हेलिओट्रोप सापडतो असे त्याला कोणी सांगते. तो अंगरख्यात दगड भरत सुटतो. बरोबरचे दोन मित्र 'अरे, हा कुठे गेला?' असे सोंग करतात आणि 'न दिसणाऱ्या' कालांद्रिनोवर दगड भिरकावत त्याला घरापर्यंत आणतात. तो मुकाट्याने मार खातो, कारण बोलला तर आपण इथेच आहोत हे कळेल ना! घरी आल्यावर बायको त्याला ओळखते. दगडात काही नाही हे त्याला आता तरी कळावे की नाही? पण नाही. बायकांच्या सान्निध्याने वस्तूंची शक्ती जाते, असे तो ठरवतो आणि बिचारीलाच झोडपतो. एकदा श्रद्धा बसली, की उलटा पुरावाही कसा पचवून टाकता येतो, ते बोकाचिओने अचूक टिपले आहे.

यापेक्षा अगदी वेगळी वाट त्याच्याही तीनशे वर्षे आधी एकाने घेतली होती. तो म्हणजे अल् बिरूनी. भारतावरील ग्रंथामुळे त्याचे नाव आपल्या परिचयाचे आहे. आयुष्याच्या अखेरीस, १०४० नंतरच्या काही वर्षांत, गझनीच्या दरबारात त्याने रत्नांवर एक ग्रंथ लिहिला. पाचू दिसताच सापाचे डोळे वितळून जातात, हे तेव्हा सगळ्या ग्रंथांत लिहिलेले होते आणि सगळेच जण ते सांगत. बिरूनीने साप मिळवला. त्याच्या गळ्यात पाचूंची माळ घातली. त्याच्या टोपलीत पाचू पसरले. डोळ्यांसमोर पाचूंची सर हलवत ठेवली. एकदा-दोनदा नव्हे, थंडीत आणि उन्हाळ्यात मिळून तब्बल नऊ महिने. आता पाचू उगाळून सापाच्या डोळ्यांत अंजन घालायचे तेवढे राहिले, असे तो खवचटपणे म्हणतो. सापाच्या डोळ्यांना काहीही झाले नाही. झालाच असेल तर नजर तीक्ष्ण होण्याचाच परिणाम झाला असेल, असाही शेरा त्याने मारला आहे.

हा प्रयोग वर्गात सांगताना नऊ महिन्यांवर जरूर थांबावे असे आम्हाला वाटते. 'उन्हाळ्यात परिणाम झाला असता, थंडीत नाही झाला' ही पळवाट त्याने आधीच बुजवून टाकली होती. कालांद्रिनोला सापडली तशी सबब इथे शिल्लकच नाही. याच माणसाने रत्नांची विशिष्ट गुरुत्वेही मोजली. निमुळत्या गळ्याचे, बाजूला तोटी असलेले भांडे पाण्याने भरायचे, खडा आत सोडायचा आणि बाहेर पडलेले पाणी तोलायचे. माणिक आणि त्यासारखी दिसणारी लाल काच यांतला फरक रंगावरून फसवतो. वजन फसवत नाही.

आता खेळाकडे परत येऊ. खेळणाऱ्या मुलांना गुहेत अनोळखी खडा सापडला, तर ती काय करतात? पाण्यात बुडवून बघतात, दिव्यासमोर धरतात, तापवतात, आपटतात. सूत्रधाराने सांगितलेला गुण दर वेळी तसाच आला नाही, तर लगेच भांडतात. म्हणजे टेबलावर ती मार्बोडची वाट सोडून बिरूनीच्या वाटेने जात असतात, तेही कोणी न शिकवता.

खऱ्या खड्यांनी आपल्या शक्ती दाखवल्या त्या अशाच कोणीतरी आपटल्यावर आणि तापवल्यावर. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेहून टूर्मलीन नावाचे खडे नेले. हे नावही सिंहली भाषेतलेच. निखाऱ्याजवळ तापलेला हा खडा राख ओढून घेई, म्हणून डच लोक त्याला 'राखओढ्या' म्हणू लागले. १७५६ मध्ये एपिनस याने दाखवले की तापवलेल्या खड्याच्या दोन टोकांवर विरुद्ध विद्युतभार तयार होतात. मग १८८० मध्ये झाक आणि पिएर क्यूरी या दोघा भावांना आढळले की काही स्फटिक नुसते दाबले तरी विद्युतभार निर्माण होतो. त्यांच्या यादीत टूर्मलीन होता, पुष्कराज होता, साधी उसाची साखर होती आणि गारगोटीही होती. हीच ती गारगोटी, जिला प्लिनी कायमचे गोठलेले बर्फ समजत होता. उलट बाजूने, विद्युतदाब दिला की ती थरथरते. मनगटी घड्याळातला गारगोटीचा इवलासा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावर काटे चालतात. दोन हजार वर्षांच्या याद्यांपैकी एकीतही हा गुण नव्हता.

आपल्याकडे तर स्फटिकांची वाण नाही. पुणे, जळगाव, नाशिक या भागांतल्या खडीच्या खाणींत काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून अपोफिलाइट, स्टिल्बाइट असे देखणे स्फटिक निघतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात. हेच खडे परदेशी दुकानांत 'मनःशांती देणारे' अशी चिठ्ठी लावूनही विकले जातात. मुलांनी यांपैकी एखाद्या खड्याला खेळासाठी हवी ती शक्ती द्यावी. अट एकच, की ती शक्ती खोटी असेल तर ते कशावरून कळेल, हेही त्यांनी सोबत लिहावे.

आणि खाण जवळ नसेल, तर खडीसाखर आहे. कोरडे, मोठे खडे घ्या. खोली पूर्ण अंधारी करून दहा-पंधरा मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्या. मग एक खडा पक्कडीत धरून फोडा. फुटताना तुकड्यांवर विरुद्ध विद्युतभार येतात, मधल्या हवेत बारीक ठिणगी पडते आणि हवेतला नायट्रोजन क्षणभर निळसर चमकतो. साखर अंधारात फोडताना चमकते, हे फ्रान्सिस बेकनने १६२० मध्येच नोंदवून ठेवले आहे. पहिल्या खड्याला दिसले नाही तर दुसरा घ्या.