गतिनियंत्रक, सूक्ष्म

मोटरने किती फिरायचे, कोणत्या वेगाने आणि नेमके कुठे थांबायचे हे ठरवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण. नेहमीच्या स्टेपर मोटरचा टप्पा १.८ अंशांचा, म्हणजे फेरीला २०० टप्पे. १ मिमी आट्याच्या स्क्रूवर एका टप्प्यात सूक्ष्मदर्शकाचा मंच ५ मायक्रोमीटर सरकतो.

जोडणी वीज बंद ठेवूनच करावी.

चालू विजेवर मोटरची केबल उपसली, तर गुंडाळीतला प्रवाह तुटून व्होल्टेज उसळते आणि मोटरला प्रवाह पुरवणारा ड्रायव्हर जळू शकतो. विद्युतप्रवाहाची मर्यादा मोटरच्या पाटीवरून भरावी, टोकाला गती थांबवणारे लिमिट स्विच हाताने दाबून तपासावेत, पहिले ‘होमिंग’ (मंच आरंभस्थानी नेणे) अगदी संथ चालवावे. उभ्या अक्षाला ब्रेक हवाच. नाहीतर वीज जाताच भार घसरू शकतो. पिझो मंचांचे (व्होल्टेजने आकार बदलणाऱ्या स्फटिकांवर चालणाऱ्या) नियंत्रक अनेकदा १०० व्होल्टच्या पुढे चालतात आणि बंद केल्यावरही प्रभार काही काळ टिकतो.