शब्दवेध : सराफ

आज सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यापुरता उरलेला ‘सराफ’ हा शब्द अरबी ‘सर्राफ’पासून फारसीच्या द्वारे मराठीत आला असून, नाणी पालटून देणारा हा त्याचा मूलार्थ होय. पेशवाईत अंकुशी, चांदवडी अशा नाना छापांचे रुपये एकाच बाजारात चालत, तेव्हा सराफ नाणे वाजवून, चांदीचा कस पाहून बट्टा ठरवी. म्हणून राजमुद्रा असूनही हिणकस नाण्याचे मोल पेठेत उतरे. नाण्यांच्या अशाच निवडीचा विचार मांडताना १९७६ साली अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख हायेक यांनी चलनावरील सरकारची मक्तेदारी संपवून चलनाचलनांत स्पर्धा असावी असे जे प्रतिपादन केले, त्याचा गाभा हाच की, रयतेला दुसरा पर्यायच नसला म्हणजे चलन फुगवून तिची बचत झिजविण्याचा मोह सत्तेला आवरत नाही. नाण्याची पारख करण्याचा हा अधिकार प्रजेच्या हाती राहणे, हाच भाववाढीवरील खरा अंकुश होय.